टोपलीतली वजनं

या अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण निवृत्त झालेले असतात. कुणी रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात आयुष्य काढलेलं असतं, कुणी सरकारी कचेरीत. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं खूप असतं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी वर्ग आणि दुपारनंतर काम, अशी माझी नोकरी. अंकाच्या संपादक काकूंनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "काकू, मले अजून अनुभव कुठं आहे?" त्या म्हणाल्या, "जे झालं ते लिही. अनुभव आहे की नाही ते वाचणारे ठरवतील." म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आम्ही मूळचे गोंदियाकडचे, आता महाराष्ट्राबाहेर राहतो. बाबा वॅगन दुरुस्तीच्या शेडमध्ये फिटर आहेत. मी काम करते ते ऑफिस ब्राह्मणपाऱ्यात, एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहे. मालक अनुज भैया. आम्ही छोट्या धंद्यांसाठी प्रोग्राम बनवतो. शेजारच्या बाया विचारतात, "कॉम्प्युटरचं म्हंजे नेमकं काय करतं तू?" मी सांगते, "सेटिंग." मग त्या आपापला मोबाइल माझ्यापुढं धरतात.

खरं सांगायचं तर माझं काम फार लहान जागेतलं आहे. प्रत्येक प्रोग्रामला काही ना काही लक्षात ठेवावं लागतं. दुकानाला गिऱ्हाइकं, दवाखान्याला पेशंट. ते जिथं ठेवतात त्याला डेटाबेस म्हणतात. मोठ्या कंपन्यांचा डेटाबेस रेशनच्या दुकानासारखा असतो. वेगळी जागा, खिडकी, आत बसलेला माणूस, बाहेर रांग. आमच्या गिऱ्हाइकांना तेवढं झेपत नाही. त्यांच्यासाठी एक छोटी लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा प्रोग्रामचा तुकडा, असते. ती प्रोग्रामच्या आतच राहते. ओट्यावरच्या मसाल्याच्या डब्यासारखी. हात पोचतो, कुणाला विचारावं लागत नाही, आणि सगळा माल एका फाइलीत मावतो.

पण या लायब्ररीला बऱ्याच कळा, म्हणजे सेटिंग, असतात. दुसरा कुणी लिहीत असेल तर किती वेळ थांबायचं, डिस्कवर कसं लिहायचं, किती सावधगिरी ठेवायची. बनवणाऱ्यांनी तिला सवयी लावून दिलेल्या आहेत आणि त्या बहुतेक वेळा चांगल्या असतात. जेव्हा नसतात तेव्हा त्या बदलायच्या, हे माझं काम.

माझं पहिलं स्वतंत्र काम पाऱ्यातल्याच, म्हणजे ऑफिसच्याच मोहल्ल्यातल्या, एका गुरुजींचं होतं. ते पत्रिका बनवतात. पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर गुरुजी, आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर त्यांच्या पत्नी, माताजी, आणि दोघांची फाइल एकच. असं करू नये असं पुस्तकात लिहिलेलं आहे, पण गुरुजींनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. दोघांनी एकाच वेळी नोंद केली की एकाच्या स्क्रीनवर चूक दिसायची. यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला होता. गुरुजी पुढून ओरडायचे, "मैं लिखत हंव, तैं रुक!" आतून आवाज यायचा, "हव, रुके हंव!" अर्ध्या पाऱ्याला कळायचं की आता कुणाची तरी पत्रिका होते आहे.

आमच्या लायब्ररीला मुळात थांबायची सवय नाही. दार लावलेलं दिसलं की ती लगेच परत फिरते आणि तक्रार करते. मी तिला सांगितलं, थोडा वेळ दाराशी उभी राहा, मग पुन्हा ढकलून बघ. एका ओळीचं काम. दुसऱ्या दिवसापासून चूक दिसायची बंद झाली. मला फार आनंद झाला होता.

काही दिवसांनी माताजी आमचा जिना चढून आल्या. म्हणाल्या, "बेटी, पहले जैसा कर दो।"

मी घाबरले. "क्यों माताजी? फिर गड़बड़ हो रही है?"

"गड़बड़ कुछ नहीं है। दिन भर में एक बात भी नहीं होती अब।"

मी सेटिंग बदललं नाही. म्हटलं, "माताजी, आवाज़ देने की मनाई थोड़ी है।" त्या हसत उतरल्या. आता पुन्हा ओरडणं ऐकू येतं, पण चहासाठी.

हे सांगितलं कारण तेव्हा मला वाटलं होतं की सेटिंग हे प्रोग्राम आणि कॉम्प्युटर या दोघांमधलं काम आहे. सिलतऱ्याचं काम आलं तेव्हाही मी तसंच समजत होते.

सिलतऱ्याला, शहराबाहेर, स्पंज आयर्नचे, म्हणजे पोलादासाठी लागणाऱ्या लोखंडाचे, कारखाने आहेत. तिकडून आलं की रुमाल काळा निघतो. त्यातल्या एका कारखान्यात धरमकाट्याचा, म्हणजे ट्रक तोलायच्या मोठ्या काट्याचा प्रोग्राम आमचा आहे. ट्रक रिकामा येतो, काट्यावर चढतो, वजन होतं. आत जाऊन माल भरतो, परत येतो, पुन्हा वजन होतं. काट्यावरचा माणूस गाडीचा नंबर टाकून बटण दाबतो, पावती निघते. दिवसपाळीला तिथं डोंगरे काका बसतात. ते भंडाऱ्याचे. मी मराठी बोलते म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी मला आपल्या डब्यातली भाकर खायला लावली होती.

त्यांचा एकदा उन्हाळ्यात फोन आला. "बेटा, तुयी मशीन अडकून राहिली वो. बटन दाबलं का डोळे मिटून बसते. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवून राहिले."

कॉम्प्युटर जुना होता. लायब्ररी प्रत्येक वजन लगेच, अगदी सांभाळून, मुख्य फाइलीत जागच्या जागी ठेवायची आणि त्यात वेळ जायचा. मी तिला दुसरी पद्धत लावून दिली. ती पद्धत आमच्या घरच्या स्वयंपाकघरासारखी आहे. आई भांडी घासते आणि टोपलीत टाकते. मांडणीवर लगेच लावत बसत नाही. कुणी ताट मागितलं तर आधी टोपलीत बघायचं, तिथं नसेल तर मांडणीवर. सवड झाली की टोपली रिकामी करायची. लायब्ररीही तसंच करते. मुख्य फाइल म्हणजे मांडणी. तिच्या शेजारी एक फाइल निघते, तिचं नाव तेच, मागं एक शेपूट जोडलेलं. ती टोपली. त्या टोपलीसाठी आणखी एक छोटी मदतनीस फाइल असते. नवं वजन झटकन टोपलीत पडतं आणि ट्रक खाली उतरतो.

टोपली मधूनमधून रिकामी करायची लायब्ररीची सवय असते. पण त्या कॉम्प्युटरवर ती नेमकं ट्रक उभा असतानाच भांडी लावायला घ्यायची आणि पुन्हा सगळं अडकायचं. म्हणून ते आपोआप होणं मी बंद केलं. प्रोग्राम बंद होताना ती टोपली रिकामी करतेच, तेवढं पुरे होतं. अनुज भैयानं पाहिलं आणि म्हटलं, "सही है।" काटा पळायला लागला. काकांनी फोनवर आशीर्वाद दिला.

आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही की सिलतऱ्यात प्रोग्राम कधी बंदच होत नाही. तिथं तीन पाळ्या चालतात. एक जण उठतो तेव्हा दुसरा बसलेला असतो, खुर्ची गार होत नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि सगळी वजनं टोपलीतच पडत राहिली.

मग विश्वकर्मा पूजा आली.

महाराष्ट्रात खंडेनवमीला अवजारं पुजतात. इकडं त्याआधीच विश्वकर्मा पूजा असते आणि सिलतऱ्यात तर तो मोठा सण. भट्टी विझवता येत नाही, पण बाकी सगळं थांबतं. कारखान्यात मूर्ती बसते. यंत्रं धुतात, पुसतात, कुंकू लावतात, आणि मूर्ती विसर्जनाला निघेपर्यंत ती चालवत नाहीत. आमच्या घरीही बाबा पाटावर पान्हे, हातोडा, छिन्नी मांडतात. जे अवजार त्या वर्षात मोडलं असेल ते भंगारात जात नाही. बाबा ते लाल कापडात गुंडाळतात, फूल ठेवतात आणि खारुन नदीत सोडून येतात. म्हणतात, "ज्यानं काम केलं त्याले कचऱ्यात टाकत नसतात."

मागच्या वर्षी त्या दिवशी सकाळी बाबांनी मला विचारलं, "तुयं औजार कोणतं? आन इथं."

मी म्हटलं, "बाबा, लॅपटॉप ऑफिसचा आहे. त्यात कुंकू गेलं तर बिघडेल."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पाटावर एका बाजूला जागा सोडलेली होती. त्यांनी हातोडा थोडा सरकवून ती भरून टाकली. मला वाईट वाटलं, पण मी तरी काय ठेवणार होते? सेटिंग पाटावर ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघत होते तेव्हा अनुज भैयाचा फोन आला. "सिलतरा चलना पड़ेगा। काँटे का डेटा उड़ गया।"

आम्ही त्याच्या गाडीवरून गेलो. कारखान्याबाहेर ट्रकांची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत लागली होती. गेटच्या आत मूर्तीचा मांडव होता, ढोलवाले बसून तंबाखू मळत होते. मांडवाजवळच्या बाकड्यावर डोंगरे काका बसले होते. धुतलेला शर्ट, कपाळावर कालचा टिळा. त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांचा गेटपास काढून घेतला होता.

केबिनमध्ये गेट आणि काट्याचे साहेब मिश्राजी उभे होते. सकाळी महिन्याचा गोषवारा काढायला त्यांनी प्रोग्राम उघडला तेव्हा उन्हाळ्यापासूनचं एकही वजन त्यात नव्हतं. काका दर आठवड्याला पेनड्राइव्हवर मुख्य फाइल उतरवून घ्यायचे, ती बघितली तर तिच्यातही नव्हतं. असणार कसं? आम्ही त्यांना फक्त मांडणी उतरवायला शिकवलं होतं.

"डोंगरे का काम है," मिश्राजी म्हणाले. "गार्ड ने देखा है, कल अकेला बैठकर कंप्यूटर में कुछ कर रहा था। पता नहीं किस पार्टी का वज़न छुपाना था।"

काका दाराशी येऊन उभे राहिले. "सर, मैंने कुछ डिलीट नहीं किया। विश्वकर्मा बाबा की कसम।"

"तो डेटा गया कहाँ, हवा खाने? ठेकेदार से बात हो गई है मेरी। तू कल से मत आना।"

काका ठेकेदाराकडून लागलेले होते. काम गेलं असतं हे तर होतंच. पण त्यांचा चेहरा पाहून मला कळत होतं की त्यांना दुसरीच गोष्ट टोचते आहे. सगळ्या कारखान्यासमोर, मूर्तीसमोर, ते चोर ठरत होते.

मी फोल्डर उघडलं. मुख्य फाइल जागेवर होती. शेजारी टोपली होती, पण ती नवी कोरी होती, सकाळी प्रोग्राम उघडला तेव्हा निघालेली. जुनी टोपली नव्हती. ती रिकामी होऊन गेली असती तर वजनं मांडणीवर दिसली असती. तिथंही नव्हती. म्हणजे भरलेली टोपली कुणीतरी उचलून नेली होती.

मिश्राजी म्हणाले, "छोड़ो, नया चालू करो। बाहर लाइन देखी है?"

"नहीं सर," मी म्हटलं. "एक भी एंट्री मत कीजिए। पुरानी फाइल मिल गई तो भी फिर काम नहीं आएगी।" तेच खरं होतं. टोपली त्या वेळच्या मांडणीसाठी भरलेली असते. मांडणीवर एखादं नवं भांडं चढलं की जुन्या टोपलीचा मेळ बसत नाही.

"तो ट्रक खड़े रखूँ? तुम्हारे भरोसे?"

दारातून काका म्हणाले, "सर, मूर्ती जाने के पहले काँटा वैसे भी नहीं चलता। हर साल पहला वज़न मूर्ती के ट्रैक्टर का होता है।"

बाहेर उभे असलेले कामगार एका सुरात म्हणाले, "हव, पहिली मूर्ति!"

मिश्राजींनी त्यांच्याकडे पाहिलं, ट्रकांकडे पाहिलं. "ठीक है। मूर्ति चढ़ते ही काँटा चालू। उसके बाद मैं नहीं रुकूँगा।"

ट्रॅक्टर धुऊन झाला होता. त्याच्या ट्रॉलीला केळीचे खांब बांधणं चाललं होतं.

अनुज भैया डिस्कवरून पुसलेलं परत आणायचा एक प्रोग्राम चालवायला बसला. मी बाहेर जाऊन काकांच्या शेजारी बाकड्यावर बसले. म्हटलं, "काका, काल काय काय केलं ते मले पहिल्यापासून सांगा."

"काय सांगू बेटा. सकाळी इलेक्ट्रिशियन आला, त्यानं पॅनल पुसाले मेन लाइन बंद केली. माहा कॉम्प्युटर तसाच गेला, बंद कराले टाइमच नाही देला. मग मी त्याची धूळ काढली. कीबोर्ड उलटा करून झटकला. तुले सांगतो, त्यातून अर्धा सिलतरा निघाला."

मला हसू आलं, पण मी थांबवलं.

"मग लाइन आली. म्हटलं बाहेरून पुसलं, आतून काहून सोडाचं? देवापुढं ठेवाचं आहे. तू पेनड्राइव्ह भराले शिकवलं ना, तो फोल्डर उघडला. तर आपल्या फाइलीच्या बाजूले दोन फाइली वाढल्या होत्या. नाव तेच, मागं शेपूट. आंब्यावर बांडगूळ वाढते ना, तसं वाटलं मले. म्हटलं हे आपल्या फाइलीचं रक्त पिऊन राहिलं."

अनुज भैया मागं येऊन उभा होता. तो ओरडलाच, "मतलब आपने वो डिलीट कर दी?"

"नाही म्हटलं ना एकदा!" काका म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

अनुज भैयानं कपाळाला हात लावला. मीही क्षणभर तेच समजले होते. फाइल काढली म्हणजे पुसली, आमच्या धंद्यात दुसरं काही होत नाही. पण काका खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मला एकदम बाबांचं लाल कापड आठवलं.

मी विचारलं, "काका, काढलेल्या फाइली ठेवल्या कुठं?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. सकाळपासून कुणी त्यांना हे विचारलंच नव्हतं.

"निर्माल्य कोणी कचऱ्यात टाकते का, बेटा? तेही पूजेच्या दिवशी? माहा जुना पेनड्राइव्ह होता ना, टोपण हरपलेला, तू नवा देला तेव्हाचा? त्यात काढून ठेवल्या. पेनड्राइव्ह अन् फाइली, दोघंही म्हातारे. म्हटलं जाऊ दे सोबत खारुनले."

"पेनड्राइव्ह कुठं आहे?"

"निर्माल्याच्या टोपलीत."

आम्ही तिघांनीही एकदमच मांडवाकडे पाहिलं. तिथं टोपली नव्हती. ती ट्रॉलीत चढली होती, केळीच्या खांबाला टेकून, झेंडूनं शिगोशीग भरलेली. ढोल सुरू झाले होते. चार माणसं मूर्तीला हात घालत होती.

काका धावले. मी त्यांना असं धावताना कधी पाहिलं नव्हतं. ट्रॉलीत चढून त्यांनी टोपलीत हात घातला तेव्हा पूजा सांगणारे महाराज ओरडले, "अरे अरे, डोंगरेजी! उत्तर पूजा हो गई है, अब कुछ नहीं निकालते!"

काका थांबले. त्यांनी मूर्तीकडे वळून हात जोडले आणि मराठीतच म्हणाले, "देवा, याचं काम अजून बाकी आहे. याले वापस देजो." मग फुलं बाजूला करत करत त्यांनी तळापर्यंत हात नेला. भिजलेली दूर्वा निघाली, जळालेला एक फ्यूज निघाला, तुटलेला एक पान्हा निघाला. शेवटी तो पेनड्राइव्ह निघाला. त्याच्या तोंडात हळद-कुंकू गेलेलं होतं.

मी तो ओढणीनं पुसला, फुंकला, पुन्हा पुसला. लॅपटॉपला लावला. काही वेळ काहीच झालं नाही. मग त्याचा बारीक दिवा लागला.

मी मूळ फाइलींना हात लावला नाही. मांडणी आणि टोपली या दोघींची नक्कल लॅपटॉपवर घेतली, शेजारीशेजारी ठेवली आणि मग उघडली. अशा वेळी लायब्ररी टोपलीतलं एकेक भांडं उचलून बघते, ते तडकलेलं नाही ना याची खात्री करते आणि मगच पुढं ठेवते. स्क्रीनवर वजनं यायला लागली. उन्हाळ्यातली, पावसाळ्यातली, आणि सगळ्यात खाली पूजेच्या आदल्या दिवसाची शेवटची पावती. मिश्राजी माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होते. त्यांनी पार्ट्यांची नावं मोठ्यानं वाचली. एकही गहाळ नव्हतं.

तेव्हा मी बोलले. ठरवून नाही, पण बोलले. मिश्राजींना टोपली आणि मांडणी समजावून सांगितली, जशी इथं सांगितली तशीच. म्हटलं, "सर, टोकरी इतने महीने भरती रही, वो हमारी सेटिंग थी। काका को किसी ने बताया ही नहीं था कि वो टोकरी है। और उन्होंने कुछ फेंका भी नहीं।"

"सेटिंग मैंने भी देखी थी, सर," अनुज भैया म्हणाला.

मिश्राजींनी खिशातून गेटपास काढून काकांपुढं धरला. "चलिए डोंगरेजी, मूर्ति चढ़वाइए। ट्रक खड़े हैं।"

सकाळी ते काकांना 'तू' म्हणत होते.

काका आपल्या खुर्चीवर बसले. ट्रॅक्टर काट्यावर चढला, ढोल थांबले, काकांनी नंबर टाकून बटण दाबलं. पावती निघाली. पूजेच्या आदल्या दिवशी जो क्रमांक होता त्याच्या पुढचा क्रमांक तिच्यावर होता. काकांनी ती घडी घालून मूर्तीच्या पायाशी ठेवली. मला म्हणाले, "नियम म्हणजे नियम. देवालेबी पावती लागते."

त्याच दुपारी मी सेटिंग बदललं. आता काट्यावरचं वजन शून्य दिसत असेल, म्हणजे दोन ट्रकांच्या मधे जेव्हा जागा रिकामी असते, तेव्हा लायब्ररी भांडी लावून घेते. कुणालाच अडकल्यासारखं वाटत नाही. पेनड्राइव्हवर उतरवायचं कामही आता हातानं करायचं नाही. प्रोग्राम स्वतः मांडणी आणि टोपली दोन्ही धरून नक्कल काढतो. काकांना मी त्या दोन शेपटीवाल्या फाइलींची ओळख करून दिली. त्यांनी विचारलं, "अन् साफसफाई?" मी म्हटलं, "करा ना काका. फक्त आधी मले फोन करा."

एक गोष्ट मात्र अजून मनात राहिली आहे. ती सकाळ काकांनी बाकड्यावर काढली, सगळ्यांच्या नजरेसमोर. नंतर मिश्राजींकडून प्रसादाचा मोठा डबा आला, पण माफीचा शब्द कुणी काढला नाही. काका म्हणतात, "जाऊ दे वो." मला ते जाऊ देता येत नाही. आम्ही त्यांना त्या फोल्डरात हात घालायला शिकवलं, पण तिथं कोण कोण राहतं ते सांगितलं नाही. आता कुठंही प्रोग्राम बसवला की मी तिथं बसणाऱ्या माणसाला आधी विचारते, तुम्ही हा कॉम्प्युटर कधी बंद करता, कधी पुसता, तुमच्याकडं कोणता सण असतो? अनुज भैया हसतो, पण आता तोही विचारतो.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. आई भांडी घासत होती, म्हणून समजावणं सोपं गेलं. तिच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हटलं, ही टोपली केव्हा रिकामी करायची ते ठरवायचं, हेच माझं काम. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे कोणाची वस्तू कुठं राहीन, ते तू लावून देतं."

"हव बाबा. तेच."

त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला लागले. मला वाटलं, विसरले असतील.

या वर्षी पूजेच्या सकाळी काकांचा फोन आला. "बेटा, पुसू का?" मी म्हटलं, "पुसा काका, आतूनही पुसा." ते हसत राहिले. ठेकेदारानं त्यांना कामावर ठेवलं आहेच, आणि काट्यावर बसणाऱ्या नव्या पोरांना काम शिकवायलाही सांगितलं आहे.

फोन ठेवून मी बाहेरच्या खोलीत आले तर बाबांनी पाट मांडला होता. पान्हे, छिन्नी, हातोडा. हातोड्याच्या बाजूला आमची भांड्यांची टोपली होती, घासूनपुसून लख्ख केलेली, तिच्या काठाला झेंडूचं एक फूल अडकवलेलं.

आतून आईचा आवाज आला, "अवो, माही टोपली कुठं नेली?"

बाबांनी वर न पाहता टोपलीला कुंकवाचं बोट लावलं. म्हणाले, "पोट्टीचं औजार आहे ते. आजच्या दिवस भांडे ओट्यावरच राहू दे."